हरवलेल्या ग्रंथाचे वारस

ईशान्येतील एखाद्या समाजाची ओळख करून द्या, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा मणिपूरचे कुकी लोकच डोळ्यांसमोर आले. गुवाहाटीला बदली होण्यापूर्वी मी काही वर्षे नोकरीनिमित्त चुराचांदपूरला होतो. 'ते सगळे ख्रिस्ती' एवढे म्हटले की त्यांच्या धर्माचा विषय संपला, असे आपण इथली मराठी मंडळीही समजून चालतो. प्रत्यक्षात विषय तिथून सुरू होतो.

मुळात 'कुकी' हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. बंगालकडून ते इंग्रजांच्या दप्तरात गेले आणि पुढे रूढ झाले. थाडौ, वायफेई, गांग्टे अशा बऱ्याच जमाती त्यात मोडतात. थाडौंपैकी काहींना मात्र ही ओळख आजही मान्य नाही. मिझो आणि म्यानमारमधील चिन हे त्यांचे भाऊबंद. आपले पूर्वज 'खुल' नावाच्या गुहेतून पृथ्वीवर आले, असे ते सांगतात. आणखी एक कथा आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी आपल्याकडे चामड्यावर लिहिलेला ग्रंथ होता, तो कुत्र्याने खाऊन टाकला आणि आपण लिपीला मुकलो, अशी ती कथा. मौखिक परंपरेवर जगणारे समाज जगात पुष्कळ आहेत, पण 'आमचा ग्रंथ हरवला आहे' ही रुखरुख पिढ्यान् पिढ्या जपणारे थोडेच असतील.

जुन्या धर्मात 'पाथेन' हा सृष्टीकर्ता. तो दूरचा, रोजचा संबंध यायचा तो आजार आणणाऱ्या, पीक बुडवणाऱ्या भुताखेतांशी. त्यांचा बंदोबस्त करणारा गावचा पुरोहित म्हणजे 'थेम्पू'. घराच्या ओसरीत 'इंदोई' टांगलेली असे. विधीच्या वस्तू एकत्र बांधलेले ते बोचके म्हणजे त्या घराचे दैवतच म्हणा ना! मोठी शिकार करणारा पुरुष 'सा-आय' नावाची गावजेवणे घाली. भाताचे भरघोस पीक आले की त्या घरची बाई 'चांग-आय' करी. मान तिचा, पंगतही तिच्या नावाची. मृतांच्या गावी, म्हणजे 'मिथिखो'ला जाणाऱ्या वाटेवर कुलसाम्नू नावाची राक्षसीण आडवी येते, आणि ज्याने हे सोहळे केले त्याला तिची भीती नाही, अशी श्रद्धा होती.

हा धर्म गावाच्या मुखियाशी, 'हाओसा'शी घट्ट बांधलेला होता. त्याला पहिला मोठा धक्का बसला तो युद्धाने. १९१७ साली फ्रान्सच्या आघाडीवर हमाली करण्यासाठी इंग्रजांनी डोंगरातून माणसे मागितली. बऱ्याच कुकी मुखियांनी नकार दिला. मिथुन कापून त्याचे काळीज आणि यकृत वाटून खाल्ले व शपथ घेतली. गावोगाव जळके लाकूड आणि मिरची फिरवून युद्धाचा सांगावा धाडला. जुन्या ठासणीच्या बंदुका आणि कातड्याच्या तोफा घेऊन ते १९१९ पर्यंत लढले. इंग्रजांनी गावे जाळली, धान्य नष्ट केले, अनेक मुखियांना सदियाला कैदेत ठेवले. आपल्या शालेय इतिहासात या लढ्याला एक ओळही मिळत नाही, याचे वाईट वाटते.

युद्धापूर्वीच, १९१० मध्ये, वॉटकिन रॉबर्ट्स हा वेल्श तरुण सेनवोन गावी येऊन गेला होता. त्याने आधी लुशाई भाषेतील योहानाच्या शुभवर्तमानाची प्रत पाठवली, तेव्हा तिथल्या मुखियानेच त्याला बोलावून घेतले. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला तिथे राहू दिले नाही, पण पुस्तक राहिले. पराभवानंतर ख्रिस्ती धर्म झपाट्याने पसरला. शाळा व दवाखाने ही कारणे आहेतच. तरीही ग्रंथ हरवलेल्या लोकांच्या हाती स्वतःच्या भाषेतला ग्रंथ पडला, हे कारण मला त्याहून मोठे वाटते.

कथा इथे थांबत नाही. बायबल वाचता वाचता काहींचे लक्ष जुन्या करारातील 'मनश्शे' या नावावर गेले. थेम्पू विधींत ज्या पूर्वजाला साद घाली त्याचे नाव 'मन्मासी'! हमार लोकांच्या एका जुन्या गीतात दुभंगलेल्या समुद्राचा उल्लेख होता. इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास असिरियनांनी हुसकलेल्या दहा वंशांपैकी आपण एक, असा विश्वास रुजू लागला. १९५१ मध्ये मिझोराममध्ये मेला चाला याने तसा दृष्टान्त झाल्याचे सांगितले. सत्तरच्या दशकात काही कुटुंबे यहुदी आचार पाळू लागली आणि रब्बी एलियाहू अविखाइल यांनी त्यांना 'बने मनाशे' हे नाव दिले. चुराचांदपूरला मी शनिवारी कामधंदा बंद ठेवणारी अशी घरे पाहिली आहेत. शेजारचे घर चर्चला जाणारे, आडनाव एकच.

हे वाचून कोकणातील बेने इस्रायली आठवले असतील. शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपले 'शनिवार तेली'. त्यांच्या यहुदीपणावरही इस्रायलमध्ये शंका घेतली गेली. आंदोलनानंतर १९६४ साली पूर्ण मान्यता मिळाली. बने मनाशेंना २००५ मध्ये मुख्य सेफार्दी रब्बी श्लोमो अमार यांनी वंशज मानले, पण रीतसर धर्मांतराची अट घातली. वंशाचा निर्विवाद शास्त्रीय पुरावा नाही, हे खरे. पण नवगावला फुटलेल्या गलबताची कागदपत्रे तरी कोणाकडे आहेत? आजीने सांगितले म्हणून माणूस शनिवार पाळतो.

३ मे २०२३ रोजी मणिपुरात मैतेई आणि कुकी यांच्यात हिंसाचार उसळला. अडीचशेहून अधिक माणसे गेली, सुमारे साठ हजार बेघर झाली. मंदिरे जळाली, चर्च जळाली आणि बने मनाशेंची प्रार्थनास्थळेही. एकाच डोंगरातल्या लोकांना आता निराळे निर्णय घ्यावे लागत आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये इस्रायल सरकारने उरलेल्या सुमारे ५,८०० बने मनाशेंना २०३० पर्यंत नेण्याची योजना मंजूर केली. त्यांचे ख्रिस्ती काका-मामा मागे राहतील. १ नोव्हेंबरला 'कुट' हा सुगीचा सण येतो, तेव्हा एकाच आडनावाची ही माणसे आजवर एका मैदानात जमत असत.