धरणातलं पाणी म्हणजे नेमकं कुठलं?

पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत येतं आणि ते रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचललं जातं. मग 'पवनेच्या पाण्याचा अभ्यास' करायचा, तर बाटली कुठे भरायची? हा प्रश्न नीट समजून घ्यायचा असेल, तर आधी मुंबईचा विहार तलाव बघा.

समुद्राने वेढलेल्या मुंबईत गोड्या पाण्याची कायम ओढाताण असे. त्यावर उपाय म्हणून १८५६ मध्ये साष्टी बेटावर विहारचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये ते पुरं झालं. अभियंता हेन्री कोनीबेअर. तलावातून पाणी घेण्यासाठी एक मनोरा बांधला होता. त्याला १६-१६ फुटांच्या अंतरावर, एकाखाली एक अशी चार तोंडं होती. एक चालू, बाकी तीन बंद. चालू तोंडावर तांब्याच्या बारीक जाळीची गाळणी.

पातळी उतरली की खालचं तोंड उघडायचं, हा उघड फायदा. पण या रचनेत आणखी एक सोय आहे. उन्हाळ्यात खोल तलावाचं वरचं पाणी तापून हलकं होतं आणि थंड पाण्यावर तरंगत राहतं. दोन्ही थर मिसळत नाहीत. वर शेवाळ वाढतं. तळाशी ऑक्सिजन संपतो, मग गाळातलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतं, कधी कुजका वासही येतो. अशा वेळी कोणत्या थरातलं पाणी घ्यायचं, हे निवडता येणं फार मोलाचं असतं. तलाव तोच, पण तोंड बदललं की नळाला येणारं पाणी बदलतं.

शेजारचा पवई तलाव १८९१ च्या सुमाराचा, पण उथळ. त्याचं पाणी आज पिण्यासाठी वापरत नाहीत. मात्र सगळं खापर उथळपणावर फोडू नका. तिथे भोवतालचं सांडपाणीही येतं. एकच कारण धरून बसलात, तर व्हायवामध्ये पहिला प्रश्न तिथेच येईल.

म्हणून नमुने घेण्याआधी धरणाचा नकाशा मिळवा. पाणी कोणत्या पातळीवरून सुटतं, पुढे कुठून वाहतं, कुठे उचललं जातं, ते लिहून काढा. प्रत्येक बाटलीवर जागा, खोली, तारीख आणि वेळ हवीच. काठावरून भरलेली बाटली फक्त काठाचं पाणी सांगते. तिच्यावरून अख्ख्या धरणाबद्दल निष्कर्ष काढू नका.