तळटीप १४ : औशाची चाल
१४. औसा : लातूरच्या दक्षिणेला वीसेक कि.मी.वरचा बहमनी काळातला भुईकोट. सभोवारची जमीन उंच, किल्ला खोलगटात; चालून येणाऱ्याला तो अगदी जवळ येईपर्यंत नीट दिसत नाही, आतल्या उंच बुरुजावरून मात्र लांबची फौज टिपता येते. ‘औशाची चाल इथे चालत नाही’ म्हणजे शत्रूचे क्षेपणास्त्र उडताच पाडायचे असेल, तर दडून वाट पाहण्यात अर्थ नाही. (उपमा जराशी ताणलेली, पण लेखक लातूरकर!) लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र इंजिन जळत असतानाच पाडायचे, तर हाती मिनिटे मोजकी : द्रव इंधन असल्यास सुमारे ४, घन इंधन असल्यास जेमतेम ३, त्यातलाही काही वेळ ते हेरण्यात जातो. म्हणून वेधी क्षेपणास्त्र डागणीच्या जागेपासून काहीशे कि.मी.च्या आत हवे. तेवढे पुढे नेलेले ठाणे शत्रूच्या कमी पल्ल्याच्या अस्त्रांच्याही टप्प्यात येते. ओडिशाच्या किनाऱ्यावर २७ नोव्हेंबर २००६ रोजी झालेली भारताची चाचणी या जातीची नव्हे. तिथे लक्ष्य इंजिन विझल्यानंतर, सुमारे ५० कि.मी. उंचीवर टिपले होते.