नोंदीतील नाव आणि मैदानावरील माणूस : विसाव्या शतकातील काही मराठी खेळाडूंच्या चरित्रसाधनांचा विचार

१

भिवंडी व तिच्या आसपासच्या गावांत संध्याकाळी यंत्रमागांचा खडखडाट चालू असतानाच कबड्डीची मैदाने भरू लागतात. या खेळाडूंची नावे कोठे लिहिली जातात, कशी लिहिली जातात आणि पन्नास वर्षांनंतर त्या लेखनावरून माणूस ओळखता येईल काय, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु विसाव्या शतकातील नामांकित मराठी खेळाडूंची चरित्रे लिहावयास बसले म्हणजे पहिली अडचण नेमकी येथेच येते. राजाचा शिलालेख असतो, कवीची पोथी असते. खेळाडूच्या मागे मात्र बहुधा एक नाव, एक आकडा आणि काही आठवणी एवढेच उरते. त्यांतील नाव हे साधन भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येते. म्हणून प्रस्तुत लेखात चार-पाच खेळाडूंच्या कारकीर्दीचा परामर्श त्यांच्या नावाच्या बाजूने घेण्याचे योजिले आहे.

मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन अंगांचे असते : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. त्यातून व्यक्ती, घर आणि पुष्कळदा गाव किंवा वतन यांचा बोध होतो. इंग्रजी पद्धतीच्या गुणपत्रकांनी यातील पहिल्या दोन अंगांची आद्याक्षरे केली व आडनाव तेवढे पूर्ण ठेविले. या संक्षेपात काय राहिले व काय गळाले, हे पुढील उदाहरणांवरून ध्यानात येईल.

२

प्रथम बाळू पालवणकर यांचे उदाहरण घेऊ. जन्म १८७६ साली धारवाड येथे, एका चर्मकार कुटुंबात. पुण्यात प्रथम पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर व पुढे युरोपीयांच्या पूना क्लबात त्यांनी मैदानाची निगा राखण्याचे काम केले. तेथे महिना चार रुपये पगार होता. जे. जी. ग्रेग या गोऱ्या फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी मंदगती गोलंदाजी घडली. पुण्याच्या हिंदू संघाला हा गोलंदाज मैदानावर हवा होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना सहकाऱ्यांपासून वेगळे, बाहेर बसवून मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. पुढे ते मुंबईस आले व तेथील हिंदू संघाचे आधारस्तंभ ठरले. १९०६ साली हिंदूंनी युरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाकडून बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८·८४. त्यांच्या प्रथम दर्जाच्या एकूण ३३ सामन्यांत १७९ बळी नोंदलेले आहेत.

आता या नोंदीतील नाव पाहावे. गुणपत्रकांत ते ‘पी. बाळू’ असे येते. सूचींत ‘पालवणकर बाळू’. म्हणजे आडनावाचे आद्याक्षर झाले आणि घरातले हाक मारण्याचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसले. त्यांचे बंधू शिवराम, गणपत व विठ्ठल यांचीही हीच गत झाली. शेवटच्या शब्दाला आडनाव समजून अशी सूची वर्णानुक्रमे लाविली, तर चार सख्खे भाऊ चार ठिकाणी विखुरतात आणि त्यांचे नातेच दिसेनासे होते.

एकाच घरातील चौघे खेळत असल्यामुळे ओळखीच्या सोयीसाठी ही रीत पडली असेल, असा आक्षेप येथे घेता येईल. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु सी. के. नायडू व सी. एस. नायडू हेही सख्खे बंधूच. त्यांना वेगळे दाखविण्यास आद्याक्षरे पुरेशी ठरली. प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचे नाव ‘दिनकर’ म्हणून गुणपत्रकावर चढल्याचे कोणी ऐकिले नसेल. तेव्हा सोयीचे कारण अपुरे पडते. मैदानावरील नोकराला एकेरी नावाने हाक मारण्याची जी रीत होती, तीच पुढे कागदावर गोठली, असे अनुमान करणे अधिक सयुक्तिक वाटते. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळण्यात आले व विठ्ठलांचा नेतृत्वाचा हक्क डावलण्यात आला. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी माघार घेतली आणि आपला निषेध जाहीररीत्या मांडिला. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घेण्यात आले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले व त्यांच्या संघाने विजय मिळविला. १९३२ च्या पुणे कराराच्या स्वाक्षरीकारांत बाळू आहेत. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले. ज्या पुरुषाचा वावर मैदानापासून राजकारणापर्यंत होता, त्याचे आडनाव क्रीडेच्या नोंदींत एका अक्षरापुरते उरावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

३

देवधरांचा उल्लेख वर आलाच आहे. १८९२ साली जन्मलेले हे पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ साली त्यांनी एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध १४८ धावा काढिल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकिला. अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. पण वयाची शंभरी ओलांडून १९९३ साली ते निवर्तले, तोवर त्यांच्या नावाची स्पर्धा देशात रूढ झाली होती. नाव, पदवी व आडनाव या तिन्ही अंगांनी त्यांची स्मृती शाबूत राहिली.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्यांचे मात्र तसे झाले नाही. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांतील अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांचे वेग पाहून सर दोराबजी टाटा यांनी या संघाच्या पाठवणीचा पुरस्कार केला. धावपटूंबरोबर दोन मल्लही गेले. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावून एकोणिसावे आले. हे नावच सीमाभागाचा एक लहानसा दस्तऐवज आहे : ‘अप्पा’ हा कानडी प्रत्ययसदृश शब्द दोन्ही नावांच्या अंती आहे आणि ‘चौगुले’ हे आडनाव पाटलाच्या हाताखालील गावकामगाराच्या मराठी हुद्द्यावरून आलेले आहे. त्याच स्पर्धेतील सदाशिव दातार हे परदेशी नोंदींत ‘सदाशिर’ झाले आणि मल्ल रणधीर शिंदे हे ‘शिंदेस’ झाले. पहिल्या ठिकाणी हस्तलिखितातील रोमन ‘व्ही’ हे अक्षर ‘आर’ असे वाचले गेले असावे. दुसऱ्या ठिकाणी इंग्रजी षष्ठीचा ‘एस’ नावाला चिकटला असावा. शिंदे यांना आपल्या वजनगटात चौथे स्थान मिळाले होते. भारतीय मल्लाला ऑलिंपिक पदक मिळण्याच्या इतक्या निकट गेलेला हा पहिला पुरुष. आणि त्याचे नावही नोंदीत धड उरले नाही.

४

चौथ्या स्थानाची ही उणीव बत्तीस वर्षांनी खाशाबा दादासाहेब जाधव यांनी भरून काढिली. जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळील गोळेश्वर येथे. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले.

येथे दोन शब्दांचा विचार अवश्य आहे. मराठी कुस्तीचे दोन प्रकार आज ‘माती’ व ‘गादी’ या नावांनी ओळखले जातात. लाल मातीत वाढलेल्या मल्लाला गादी हा केवळ पृष्ठभागातील बदल नव्हता. ती जणू निराळी भाषा होती. मातीतील कुस्ती प्रतिस्पर्धी चीत झाला म्हणजे निकाली होते, नाहीतर बरोबरीत सुटते. गादीवर मात्र वेळेची मर्यादा आली, गुणांचा हिशेब आला. ‘चीतपट’ या शब्दात निकाल एका क्षणात सामावलेला आहे, तर ‘गुण’ या शब्दात तो थेंबाथेंबाने साठत जातो. लंडनमध्ये खाशाबांना रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाने ही नवी भाषा शिकविली. मूळची त्यांनी टाकिली नाही. ‘ढाक’ हा त्यांचा ख्यातनाम डाव आखाड्याच्या परंपरेतलाच होता.

१९५२ साली हेलसिंकीला जावयाचे तर पैसा हवा होता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना हरविले. जपानचा शोहाची इशी व सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव यांच्याकडून ते पराभूत झाले. दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळावयास हवी होती; परंतु ती मागण्यासाठी त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. परत आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शेकडाभर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर कुस्त्या जिंकून त्यांनी खर्डेकरांचे ऋण फेडले, अशी आठवण सांगतात.

पुढील कथा मात्र शांत आहे. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर मिळाला. अधिकृत कागदांवर ते ‘के. डी. जाधव’ आहेत. त्यातील ‘डी.’ म्हणजे मल्ल असलेले वडील, ज्यांच्यापासून ही विद्या आली. आणि तेच अक्षर आज सर्वांत मुके झाले आहे. साताऱ्या-कोल्हापूरकडे मात्र लोक अद्यापि ‘खाशाबा’च म्हणतात. बाळूंच्या बाबतीत पहिले नाव हे उणेपणाचे चिन्ह ठरले, खाशाबांच्या बाबतीत तेच प्रेमाचे. शब्द तसाच राहतो. बोलणारा कोण व कोठून बोलतो, यावर त्याचा अर्थ ठरतो.

५

उत्तरार्धातील दोघांचा केवळ निर्देश करितो. सांगलीचे नंदू नाटेकर यांनी १९५६ साली क्वालालंपूर येथे बॅडमिंटनचे अजिंक्यपद मिळविले. परदेशात असे विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय, आणि १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक. सांगली भागातीलच मुरलीकांत पेटकर हे सैनिक. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७·३३ सेकंदांची वेळ देऊन त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ साली. यांची नावे नोंदीत अखंड आहेत. उशीर झाला तो दखल घेण्यात.

६

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. भिवंडी तालुक्यातील गावांत पाटील, म्हात्रे, भोईर ही आडनावे घरोघर आहेत. एकाच कबड्डी संघात तीन पाटील असावेत, हे येथे नवल नव्हे. अशा ठिकाणी आद्याक्षर व आडनाव एवढीच नोंद राहिली, तर पन्नास वर्षांनी कोणता पाटील कोणाचा, हे सांगावयास कोणी उरणार नाही. म्हणून शाळा, महाविद्यालये व गावोगावची मंडळे यांनी आपल्या नोंदवह्यांत खेळाडूचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव व गाव ही चारही अंगे देवनागरीत पूर्ण लिहावीत, आणि ज्येष्ठ खेळाडू हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून डावांची व चढाईची नावे टिपून घ्यावीत. यास द्रव्य लागत नाही, एक वही व थोडी दक्षता लागते. सदाशिवाचा ‘सदाशिर’ झाला तो कोणाच्या द्वेषामुळे नव्हे, दुरुस्त करणारा कोणी जवळ नव्हता म्हणून. तो दुरुस्त करणारा आपणांपैकी कोणीतरी व्हावयास हवा.