पात्यांचा वाटा

कोराडी, 1974. राज्य वीज मंडळाच्या नव्या पॉवर हाऊसमध्ये तुम्ही टर्बाइनच्या मजल्यावर उभे आहात. 120 मेगावॅटचा पहिला संच चालू आहे. तळपायांत थरथर भरलीय, सोबत्याशी बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं. लोखंडी आवरणाआड वाफ पात्यांच्या एकेका रांगेतून पुढे सरकते, दाब गमावते, फुगत जाते. म्हणून शेवटच्या रांगांतली पाती सर्वांत लांब. दांडा मिनिटाला 3000 फेरे घेतो, कारण वीज 50 हर्ट्‌झची हवी. वाफेतून काढता येईल तेवढं पाती काढून घेतात. उरलेल्या वाफेचं पाणी होतं आणि ते बॉयलरकडे परत जातं.

विमानाचं इंजिन शिकायचं असेल त्यानं आधी हा मजला बघावा, असं मला मनापासून वाटतं. पात्यांनी किती घ्यायचं, हा प्रश्न इथेच सुचतो.

मागे चला. इंग्लंडमधलं रग्बी, 12 एप्रिल 1937. हाही वाफेची टर्बाइनं बनवणाराच कारखाना, ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टनचा. हवाई दलातला 29 वर्षांचा फ्रँक व्हिटल आपलं जेट इंजिन पहिल्यांदा चालवतोय. इथे बॉयलर नाही. हवा दाबायची, तिच्यातच इंधन जाळायचं आणि तो तप्त वायू पात्यांवर सोडायचा. पाती घेतात ती फक्त कॉम्प्रेसर फिरवण्यापुरती शक्ती. बाकीचा वायू मागून वेगानं सुटतो आणि इंजिनाला पुढे रेटतो. अचानक आवाज चिरका होतो. व्हिटल झडप बंद करतो, तरी वेग चढतच जातो! आजूबाजूची माणसं पळतात. तुम्हीही पळा. ज्वलनकक्षात साचलेलं इंधन जळतंय. ते संपल्यावरच इंजिन शांत होईल.

आता श्रीहरिकोटा, 18 जुलै 1980ची सकाळ. एसएलव्ही-3 या रॉकेटचे चारही टप्पे घन इंधनाचे. ते घडवणाऱ्या थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक आहेत आपले वसंत गोवारीकर. घन इंधन हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. जळायला लागणारा ऑक्सिजनही त्या इंधनातच कालवलेला, त्यामुळे बाहेरची हवा नको, कॉम्प्रेसर नको, मग टर्बाइन तरी कशाला? पात्यांचा वाटा शून्य. सगळा वायू नोझलमधून खाली झेपावतो, आणि 35 किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचतो.