जुन्या खेळाचा दुभाषी

यंत्र जुनें झालें म्हणजे तें मोडींत जातें, हा व्यवहार आहे. परंतु यंत्राबरोबर त्यावर चालणारी विद्या व करमणूकही मोडींत जावी काय, हा प्रश्न निराळा आहे. छापखाना बंद पडला तरी त्यानें छापलेलें पुस्तक वाचतां येतें. संगणकावरील खेळाचें तसें नाहीं. ज्या कार्यप्रणालीसाठीं तो रचला गेला, ती नाहींशी झाली कीं तबकडी हातांत असूनही खेळ मुका होतो. विंडोजवरील गोल्फचा एक जुना खेळ आणि त्याला लिनक्सच्या घरीं मिळालेला आसरा यांची हकीकत या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे.

इंटेल कंपनीची ‘३८६’ ही चिप १९८५ सालीं निघाली. या एकाच चिपेच्या आश्रयानें दोन भिन्न कुळांचीं कामें वाढीस लागलीं. अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटी येथील ॲक्सेस सॉफ्टवेअर या कंपनीनें १९९० सालीं ‘लिंक्स’ नांवाचा गोल्फचा खेळ काढला आणि १९९२ सालीं ‘लिंक्स ३८६ प्रो’ ही त्याची सुधारलेली आवृत्ति आणली. नांवांतच चिपेचा आंकडा होता, कारण त्याहून हलक्या यंत्रास तो पेलत नसे. खऱ्या मैदानांवरून घेतलेली हिरवळ, झाडें व वाळूचे खळगे त्यांत पडद्यावर उमटत. त्याच वर्षीं या कंपनीनें रचलेला ‘मायक्रोसॉफ्ट गोल्फ’ विंडोजसाठीं बाजारांत आला. तिकडे फिनलंडमध्यें हेल्सिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आपल्या ३८६ यंत्रासाठीं लिनक्सचा गाभा लिहिला व तो जगासाठीं खुला केला. एक काम कंपनीच्या मालकीचें, दुसरें सर्वांच्या. त्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध येईल असें तेव्हां कोणाच्या मनांतही नसेल.

१९९९ सालीं मायक्रोसॉफ्टनें ॲक्सेस सॉफ्टवेअर विकत घेतली. पुढें ‘लिंक्स २००१’ या आवृत्तींत मैदानें रचण्याचें साधनही देण्यांत आलें. हौशी मंडळींनीं रात्री जागवून स्वतःचीं मैदानें रचलीं व एकमेकांस वाटलीं. ‘लिंक्स २००३’ ही संगणकावरील शेवटची आवृत्ति ठरली. २००४ सालीं खेळ रचणारी शाखा टेक-टू या कंपनीकडे गेली व २००६ सालीं ती बंद पडली. खेळास वाली उरला नाहीं. आणि त्याच्याबरोबर त्या हौशी लोकांचे निरपेक्ष श्रमही वाऱ्यावर पडले.

विंडोजनेंही जुन्यांची ओळख सोडली. १९९२ च्या सुमाराच्या विंडोज आज्ञावल्या १६ बिटांच्या असत. विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्या त्या चालवीतच नाहींत. कित्येक खेळ ३२ बिटांचे असूनही त्यांची मांडणी करणारी आज्ञावली मात्र १६ बिटांची असे. त्यामुळें घर शाबूत, पण दाराची किल्ली लागत नाहीं, अशी स्थिति झाली.

या ठिकाणीं ‘वाईन’ हा दुभाषी पुढें येतो. लिनक्सवर विंडोजच्या आज्ञावल्या चालाव्यात, या हेतूनें १९९३ सालीं हें काम सुरू झालें. १९९४ पासून अलेक्झांडर जुलियार्ड यांनीं त्याची धुरा वाहिली. पहिली पूर्ण आवृत्ति निघाली ती १७ जून २००८ रोजीं, म्हणजे पंधरा वर्षांच्या खटपटीनंतर. ‘वाईन म्हणजे एम्युलेटर नव्हे’ असा त्याच्या इंग्रजी नांवाचा अर्थ आहे. एम्युलेटर हा संपूर्ण यंत्राचें सोंग आणतो. वाईन सोंग आणीत नाहीं. खेळ म्हणतो, ‘खिडकी उघड’, ‘येथें रेघ ओढ’, ‘चेंडूचा आवाज काढ’. ही विंडोजला उद्देशून केलेली मागणी वाईन ऐकतो आणि लिनक्सला समजेल अशा भाषेंत पोंचवितो. विंडोजची मूळ लिपी न उचलतां, तिचें वर्तन पारखून, हें सारें नव्यानें लिहावें लागलें.

साऱ्या यंत्राचें सोंग वाहावें लागत नसल्यामुळें हा भार हलका असतो, आणि म्हणूनच थकलेल्या संगणकासही तो झेपतो. खेळासाठीं एक स्वतंत्र कप्पा करून त्यालाच ‘सी’ ड्राइव्ह मानावें, तेथें विंडोज ९८ नांदत आहे असें भासवावें, आणि ६४० बाय ४८० ठिपक्यांची लहान चौकट द्यावी, म्हणजे जुन्या खेळास आपल्या घरीं आल्यासारखें वाटतें. सर्वच खेळ सुखरूप उतरतात असें मात्र नाहीं. कोठें रंग बिघडतात, कोठें आवाज बसतो, तर कोठें नक्कल रोखण्यासाठीं घातलेलें कुलूप खऱ्या मालकासही आंत घेत नाहीं.

लिनक्सलाही काळाचा नियम चुकला नाहीं. ज्या ३८६ वर तो जन्मला, त्याच चिपेस त्यानें २०१३ सालच्या ३.८ आवृत्तीपासून निरोप दिला. २०१९ सालीं उबंटूनें ३२ बिटांचें साहित्य वगळण्याचें जाहीर करतांच एवढा विरोध झाला कीं, त्यांना तो बेत आवरता घ्यावा लागला. डेबियननें २०२५ सालीं ३२ बिटी जुन्या यंत्रांवर नव्यानें मांडणी करण्याची सोय बंद केली. परंतु दरम्यान, २०२४ च्या जानेवारींत, वाईनच्या ९.० आवृत्तीनें ३२ बिटांच्या आज्ञावल्या केवळ ६४ बिटी साहित्यावर चालविण्याची वाट तयार करून ठेविली होती. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, तेव्हां अनेक धडधाकट यंत्रांपुढें भंगाराऐवजीं लिनक्स हा एक मार्ग होता.

या हकीकतींत टिकलें काय, हें पाहिलें पाहिजे. चिप टिकली नाहीं, कंपनी टिकली नाहीं, विंडोजचा जुना अवतारही टिकला नाहीं. टिकली ती भाषा, आणि तीही कोणीतरी ती शिकून घेतली म्हणून. एखाद्या हौशी माणसानें वीस वर्षांपूर्वीं रचलेल्या मैदानावर जुन्या संगणकांतून आज चेंडू उडतो, तो या दुभाष्याच्या आधारानेंच.