टेकलेलं विमान थांबतं कुठे?

मी राहतो सिरुसेरीत, चेन्नईच्या दक्षिणेला. ऑक्टोबरात गावाकडून फोन येतो, "पाऊस गेला," आणि इथे आम्ही छत्र्या बाहेर काढत असतो. आजची गोष्ट या दोन पावसांमधली आहे. छोटं विमान मैदानावर उतरतं, पण मैदान संपलं तरी थांबत नाही, हा तिचा विषय.

चाकं टेकली की विमान उतरलं, असं आपण समजतो. पण टेकताना वेग दहा टक्के जास्त असला, तर थांबायला सुमारे वीस टक्के जास्त जागा लागते. ओल्या गवतावर ब्रेक लावले तरी चाकं घसरतात. ब्रिटनचं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण वैमानिकांना सांगतं, की ओल्या गवतासाठी अंतर ३५ टक्के वाढवून धरा. आणि गवत अगदी बारीक कापलेलं असेल तर? ६० टक्क्यांपर्यंत! म्हणजे दिसायला सुबक तीच हिरवळ जास्त दगा देते.

आता १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकटेच निघाले. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून. दुपारी ते जुहूला उतरले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे आमच्या मद्रासला आणलं. विमान होतं पुस मॉथ, एका इंजिनाचं. त्याच्या चाकांच्या दांड्यांवरची आवरणं उतरताना आडवी फिरवता येत, म्हणजे वारा अडून वेग कमी होई. मला ही युक्ती फार आवडते. जमिनीवर भरवसा नाही, तर हवेलाच ब्रेक करा!

पण जुहूच्या चिखलापुढे तीही अपुरी होती. पावसाळ्यात भरतीचं पाणी थेट मैदानात येई. मग टाटांनी सरळ मुक्काम हलवला आणि पावसाळ्यात टपालाची विमानं पुण्याला उतरू लागली. तारीखही बघा ना, जुहू वाळलेलं आणि मद्रासचा पाऊस अजून यायचा!

पुढे जुहूची धावपट्टी पक्की झाली, पण आखूडच राहिली. २४ सप्टेंबर १९७२ला जपान एअर लाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं आणि टोक ओलांडून पुढे गेलं. माणसं वाचली. विमान पुन्हा उडालं नाही.