मिठातले आयोडीन आणि निवडीचा हक्क

सप्टेंबर २००० मध्ये केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली आणि आयोडीनविरहित खाद्य मिठावरची देशव्यापी बंदी उठवली. १९९८ मध्ये अमलात आलेली ही बंदी जेमतेम दोन वर्षे टिकली. लोकांनी काय खावे हे समजून-उमजून लोकांनीच ठरवावे, सरकारने सक्ती करू नये, अशी त्यामागची भूमिका होती. दांडीच्या देशात मिठावरचा कोणताही हुकूम सहजी पचत नाही. शिवाय आयोडीनीकरणाची यंत्रे, वेष्टन आणि तपासणी यांमुळे लहान आगरवाल्यांच्या पदराला खार लागणार होता. ही तक्रार खोटी नव्हती.

पण या बंदीमागे चाळीसहून अधिक वर्षांचे विज्ञान उभे होते. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. गलगंडाने ग्रासलेल्या या खोऱ्याचे त्यांनी तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले, तिसऱ्याला साधे. पाच-सहा वर्षांनी पहिल्या दोन विभागांतील शाळकरी मुलांमध्ये गलगंडाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले, तिसऱ्यात ते होते तसेच राहिले. मग त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. या पुराव्याच्या बळावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

तेव्हा हा आजार हिमालयाच्या पायथ्याचा मानला जाई. पुढील पाहण्यांत तो मैदानी प्रदेशांतही आढळला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गलगंड हे आयोडीनच्या अभावाचे केवळ दिसणारे रूप आहे, हे स्पष्ट झाले. गर्भवतीला आयोडीन कमी पडले, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती हानी पुढे भरून निघत नाही. ग्राहकाच्या निवडीचा युक्तिवाद माझ्या मते इथेच लंगडा पडतो. मीठ निवडतो एक, त्याचे परिणाम भोगतो दुसराच, आणि तो तर अजून जन्मालाही आलेला नसतो. आयोडीनला चव नाही, रंग नाही. दुकानात खडेमीठ चार पैशांनी स्वस्त मिळत असताना गरीब घरातील बाई नेमके काय ‘निवडते’, हा प्रश्नही उरतोच.

बंदी उठल्यावर आयोडीनयुक्त मिठाचा वापर घसरला. शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि मे २००६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

त्यानंतरचा प्रश्न मात्र मला अधिक गुंतागुंतीचा वाटतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा हा नियम अवैध ठरवला. आयोडीन निरुपयोगी आहे, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. नियम ज्या कायद्याखाली केला होता, तो अन्नभेसळ रोखण्यासाठीचा. साधे मीठ भेसळयुक्तही नाही आणि विषारीही नाही; मग त्या कायद्याच्या आधाराने त्याची विक्री कशी रोखणार? हेतू चांगला असला, तरी सरकारला अधिकाराची मर्यादा ओलांडता येत नाही, असा त्याचा अर्थ. तरीही सार्वजनिक आरोग्याचा विचार करून न्यायालयाने नियम लगेच रद्द केला नाही, सरकारला फेरविचारासाठी सहा महिने दिले. दरम्यान अन्नसुरक्षा कायद्याखालील नवे विनियम लागू झाले आणि बंदीला त्यांचा आधार मिळाला. त्यानुसार जनावरांसाठी, औषधनिर्मितीसाठी वा कारखान्यांसाठी साधे मीठ आजही विकता येते. वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख मात्र हवा.